चाकांवरचे घर आणि घाटाचा उतार

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा त्यामागचा विचार सरळ होता. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणच्या किनाऱ्यावर अशी कित्येक स्थळे आहेत, की जिथे पर्यटकाला राहावेसे वाटते. पण तिथे हॉटेल बांधायला जागा नसते, परवानगी मिळत नाही किंवा बांधलेच तर ते वर्षातून दोनच महिने चालते. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर तर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित आहे. अशा ठिकाणी सिमेंट ओतण्यापेक्षा खोलीच चाकांवर घालून न्यावी, दोन रात्री मुक्काम करावा आणि मागे काही न ठेवता परत यावे, ही कल्पना कोणालाही पटावी अशीच आहे. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले.

या निमित्ताने जी चर्चा झाली, ती गाडीत पलंग किती, शौचालय कसे, वीज कुठून घ्यायची, कॅरॅव्हान पार्कला सवलती कोणत्या, यांभोवती फिरली. ती आवश्यक होतीच. पण महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवला, की एक साधी गोष्ट ध्यानात येते. ज्या रम्य स्थळांसाठी ही गाडी हवी, त्यांतली बहुतेक घाटमाथ्यावर किंवा घाटाच्या पायथ्याशी आहेत. पसरणी, आंबेनळी, वरंधा, ताम्हिणी, माळशेज, कुंभार्ली, आंबा, आंबोली यांपैकी एखादा घाट ओलांडल्यावाचून हे घर कुठे पोचत नाही. आणि घर चढवले की ते उतरवावेही लागते. सारी मेख या दुसऱ्या कामात आहे.

गेल्या डिसेंबरात अशा एका गाडीतून प्रवास करण्याचा योग आला. पुण्यातल्या एका स्नेह्यांनी खासगी प्रवासी बसचे रूपांतर करून घेतले आहे. चार माणसे झोपतील एवढे पलंग, छोटे स्वयंपाकघर, न्हाणीघर, छतावर वातानुकूलन यंत्र आणि सौरपट्ट्या, पोटात पाण्याची टाकी. सुमारे बारा टनांचा ऐवज. सारथ्य करायला एसटीतून निवृत्त झालेले एक चालक होते. सगळे त्यांना मामा म्हणत. वाईहून पसरणीने पाचगणी, महाबळेश्वरला दोन दिवस मुक्काम आणि मग आंबेनळीने पोलादपूर असा बेत होता.

पसरणी चढताना गाडीत उत्साह होता. खिडकीतून धोम धरणाचे पाणी खाली खाली जात होते. मामांचे लक्ष मात्र दोन काट्यांवर होते, एक इंजिनाच्या फेऱ्यांचा आणि दुसरा पाण्याच्या तापमानाचा. त्यांनी पहिल्याच वळणाआधी वातानुकूलन यंत्र बंद करायला लावले, तेव्हा मागून नापसंतीचा सूर आला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

चढाचे गणित निर्दय असले तरी ते प्रामाणिक असते. बारात एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ घेतला, तर बारा टनांची गाडी ताशी २५ किलोमीटरने चढवायला सुमारे शंभर अश्वशक्ती चाकांपर्यंत पोचावी लागते. इंजिन सव्वाशे-दीडशे अश्वशक्तीचे असेल, तर गिअरपेटीत आणि मागच्या आसात होणारी घट वजा जाता फारसे काही शिल्लक उरत नाही. वातानुकूलन यंत्र इंजिनावर चालत असेल, तर तेही त्यातलाच घास काढते. वेग मंद, इंजिन पूर्ण ताणावर आणि रेडिएटरला समोरून येणारा वारा बेताचाच. त्यामुळे पाणी तापते. पूर्वी खंडाळ्याच्या माथ्यावर बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या असलेल्या गाड्या पाहिलेल्या वाचकांना हे चित्र नवे नाही. हिमालयात यात विरळ हवेची भर पडते. मनालीहून लेहला जाताना लागणारी बारालाचा खिंड ४,८०० मीटरहून उंच आहे आणि तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्क्यांवर येते. सह्याद्रीत ती चिंता नाही.

चढावर गाडी कमी पडली, तर ती हळू होते, तापते, फार तर थांबते. मागच्यांचे भोंगे ऐकावे लागतात, कोणीतरी चाकामागे दगड लावतो, तासाभराने प्रवास पुढे सुरू होतो. चढाची शिक्षा अपमानावर भागते. उतारावर मात्र गाडी कमी पडली, की ती वेग घेते. म्हणूनच रूपांतरित बस विकत घेताना ‘घाट चढते का?’ असे विचारणारा ग्राहक चुकीचा प्रश्न विचारत असतो. आणि जवळजवळ सगळे ग्राहक हाच प्रश्न विचारतात.

महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास. पोलादपूर कोकणात, जवळपास सपाटीला. म्हणजे आंबेनळीने उतरताना गाडी साडेबाराशे मीटर तरी खाली येते. बारा टनांची वस्तू इतकी खाली आणायची, तर जी ऊर्जा मोकळी होते ती सुमारे चाळीस युनिट विजेइतकी भरते. एका मध्यमवर्गीय घराला आठवडाभर पुरेल एवढी ही ऊर्जा. दुसऱ्या भाषेत सांगायचे, तर साडेचारशे लिटरहून अधिक पाणी तिने साध्या तापमानापासून उकळीला येईल. तिचा काही भाग हवेच्या आणि टायरच्या विरोधात खर्च होतो. उरलेली कुठेतरी जिरवावी लागते आणि ती जिरवायला जागा दोनच आहेत, इंजिन आणि ब्रेक.

ब्रेक म्हणजे चाकातला बिडाचा ड्रम आणि त्यावर घासणारे लायनर. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून दूर जातो; लायनर तापला की त्याचे घर्षण घटते. पायाखालचे पेडल तेच राहते, पण त्याला मिळणारे उत्तर क्षीण होत जाते. चालक घाबरून अधिक दाबतो, उष्णता अधिक वाढते. या वर्तुळाला आपण ‘ब्रेक निकामी झाले’ असे नाव देतो आणि बातमीत ते यांत्रिक बिघाड म्हणून छापून येते. पुष्कळदा ब्रेक निकामी झालेले नसतात. त्यांच्या शक्तीबाहेरचे काम त्यांच्याकडून करून घेतलेले असते. तासाभराने तीच गाडी थंड झाल्यावर तपासली, तर ब्रेक शाबूत सापडतात.

अवजड वाहनांच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत जे नियम ठरले आहेत, त्यांत उतारासाठी एक स्वतंत्र चाचणी आहे. पूर्ण भार घेतलेली गाडी ताशी सरासरी ३० किलोमीटरने, सहा टक्के उतारावरून, सहा किलोमीटर उतरवायची, तीही गिअरमध्ये, इंजिनाचा आधार घेऊन. एवढे केल्यावरही ब्रेक ठरल्या प्रमाणात लागले पाहिजेत. हिशेब केला, तर ही उतराई ३६० मीटरची होते. आंबेनळीची त्याच्या साडेतीनपट आहे. अर्थात आंबेनळीचा उतार सलग नाही, मध्ये सपाट टप्पे आहेत, ब्रेकला श्वास घ्यायला अवकाश मिळतो. पण तो अवकाश द्यायचा, हे चालकाला ठाऊक असावे लागते.

आमच्या मामांना ते ठाऊक होते. महाबळेश्वर सोडताना त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली आणि तिथेच ठेवली. इंजिन घोगऱ्या आवाजात ओरडू लागले. मालक अस्वस्थ झाले. डिझेल फुकट जाते आहे, इंजिन झिजते आहे, असे त्यांना वाटत होते. खरे तर गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की आजची इंजिने जवळजवळ डिझेल घेतच नाहीत. उलट चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला मागे ओढते. मामा पेडलला पाय लावत ते मोजून. वेग ताशी तिसाच्या पुढे सरकला, की एकदा ठाम दाबून तो वीस-बावीसवर आणत आणि पाय पूर्ण काढून घेत. सतत हलका पाय ठेवून उतरणारा चालक सावध दिसतो, पण ड्रमला क्षणभरही उसंत न देता तोच ते तापवत असतो.

तरीही घाटाच्या मध्यावर करपट वास आलाच. मामांनी रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले आणि अर्धा तास कोणाला हलू दिले नाही. मालकांनी टाकीतले पाणी चाकांवर मारायची सूचना केली. तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर ड्रमला तडा जाऊ शकतो, हे मामांनी दोन शब्दांत सांगितले. ते दोन शब्द इथे छापण्याजोगे नाहीत.

त्या अर्ध्या तासात त्यांनी जे सांगितले, ते मात्र छापण्याजोगे आहे. ‘ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा’ हा चालकांचा जुना नियम. आमच्या वेळी तो बरोबर होता, असे ते म्हणाले. गाड्याच अशक्त. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीची बस भरलेली असली की दुसऱ्या गिअरशिवाय चढतच नसे, मग उतरतानाही दुसराच. आता तोच घाट नवी इंजिने चौथ्या गिअरमध्ये गुणगुणत चढतात. चालक तोच नियम पाळून चौथ्यात उतरतो आणि चौथ्यात इंजिनाची पकड नसल्यासारखीच असते. इंजिनाची ताकद दुपटीने वाढली, म्हणून त्याची मागे खेचण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे गाडी जितकी समर्थ, तितका हा नियम फसवा. घाटातल्या अपघातांवर आजवर जे काही वाचले, त्यात हे इतके स्वच्छ मांडलेले माझ्या पाहण्यात आले नव्हते.

इंजिनाकडून अधिक रोध मिळवण्याची सोय फार जुनी आहे आणि तिचा जन्मही अशाच एका उतारावर झाला. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स हे अमेरिकी अभियंते आपल्या डिझेल इंजिनाची कर्तबगारी दाखवण्यासाठी न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला मालमोटार घेऊन निघाले होते. कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीतून उतरताना ब्रेकांनी साथ सोडली, पायथ्याशी रेल्वेचे फाटक आणि त्यावरून मालगाडी जात असलेली. थोडक्यात जीव वाचला. त्या अनुभवाचा पिच्छा कमिन्स यांनी सोडला नाही. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा योग्य क्षणी बाहेर सोडून इंजिनालाच ब्रेक बनवण्याची त्यांची युक्ती १९६१ मध्ये ‘जेक ब्रेक’ म्हणून बाजारात आली. पुढच्याच वर्षी पुण्यात किर्लोस्कर कमिन्सची स्थापना झाली. कोथरूडकरांना रोज दिसणाऱ्या त्या नावामागे एक घाट आहे, हे फारसे कोणाच्या गावी नसते. आपल्याकडच्या बसमध्ये याहून साधा, धुराच्या नळीत पडदा टाकून रोध निर्माण करणारा एक्झॉस्ट ब्रेक बहुधा असतो. महागड्या गाड्यांत रिटार्डर असतो. जुनी बस घेऊन तिचे घर करताना हा एक्झॉस्ट ब्रेक चालू अवस्थेत आहे का, हे किती जण तपासून घेतात? आमच्या गाडीतला बंद होता. नळी कधीतरी बदलली तेव्हा जोडणी तशीच राहिली होती. वातानुकूलन यंत्र मात्र नवेकोरे.

अपघातांच्या नोंदी पाहाव्यात. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे पुण्याहून गोरेगावला परतणाऱ्या वादक मंडळींची खासगी बस बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ दरीत कोसळली आणि तेरा जण गेले. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत, चढताना, दरीत गेली. एकच जण वाचला. ते वळण जवळ आले, तेव्हा आमच्या गाडीत कोणी बोलले नाही. प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असते आणि साऱ्यांना एकाच दोरीत ओवणे अन्यायाचे ठरेल. पण पुण्यातल्या नवले पुलाचे उदाहरण शहरी वाचकाने डोळ्यांसमोर ठेवावे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतचा उतार कोणी घाट म्हणून ओळखत नाही. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना इमारती. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एका अवजड वाहनाने एकामागोमाग एक गाड्या चिरडल्या. चालकाने इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद म्हणजे त्याचा रोध गेला, हवेच्या ब्रेकला हवा पुरवणारा काँप्रेसर थांबला आणि पॉवर स्टिअरिंगही जड झाले. चार पैशांच्या डिझेलसाठी तीन आधार एकाच वेळी सोडायचे. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच उतारावर कंटेनरच्या अपघातात आठ जणांचा मृत्यू झाला.

आता या चित्रात हौशी मालक चालवत असलेले घर बसवून पाहावे. बसचे घर होते तेव्हा तिच्या अंगात काय बदलते? प्रवासी उठतात-बसतात, त्यांचे वजन येते-जाते. घराचे वजन कायमचे. पाण्याची तीनशे लिटरची टाकी म्हणजे तीनशे किलो आणि ती अर्धी भरलेली असेल तर वळणावर पाणी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोटते. छतावरच्या यंत्रांमुळे गुरुत्वमध्य वर सरकतो. फर्निचर एका बाजूला आणि जाण्या-येण्याची वाट दुसऱ्या बाजूला, असे असले की डाव्या-उजव्या चाकांवर भार असमान पडतो. शिवाय मागच्या आसापुढे लोंबणारा भाग. नियमाने तो दोन आसांतील अंतराच्या साठ टक्क्यांपर्यंत चालतो आणि बसमध्ये तो मुळातच लांब असतो. पसरणीच्या पहिल्या तीव्र वळणावर आमच्या गाडीची शेपटी समोरून येणाऱ्या मोटारीच्या इतकी जवळून गेली, की त्या चालकाने काच खाली करून आमच्या पूर्वजांची आठवण काढली.

कायदा याबाबत आंधळा आहे, असे नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे नि:संदिग्धपणे सांगितले. मोटार कॅरॅव्हानसाठी ‘एआयएस १२४’ हे स्वतंत्र मानक आहे. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगावर असलेल्या ‘एआरएआय’सारख्या संस्था वाहनांच्या अशा तपासण्या करतात. एसटीच्या जुन्या बस लिलावात घेऊन त्यांचे घर करण्याची वाटही आता आक्रसली आहे, कारण १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि महामंडळांच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी संपुष्टात येते. पण मान्यता मिळते ती नमुन्याला. नमुना मंजूर झाल्यावर मालक हौसेने काय काय चढवत जातो, याचा कागद कुठेही होत नाही.

चालवणाऱ्याचे काय? बारा टनांच्या गाडीला अवजड वाहनाचा परवाना लागतो, म्हणून आमच्याबरोबर मामा होते. परंतु ‘हलके वाहन’ या व्याख्येची कमाल मर्यादा साडेसात हजार किलो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या मर्यादेतले वाहतुकीचे वाहनही हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येईल, असा निर्णय दिला. चरितार्थासाठी गाडी चालवणाऱ्या लाखोंना त्याने दिलासा मिळाला आणि तो योग्यच होता. मात्र त्याच व्याख्येच्या आधारे, शहरातल्या सपाट मैदानावर इंग्रजी आठ आकडा काढून मिळवलेल्या परवान्यावर सात टनांचे घर घेऊन कोणीही आंबोलीचा उतार उतरू शकतो. उत्तराखंडात डोंगरी रस्त्यांवर व्यावसायिक वाहन चालवणाऱ्याच्या परवान्यावर तशी स्वतंत्र नोंद लागते. सह्याद्रीत गाडी घालताना कोणी असे काही विचारल्याचे मला आठवत नाही.

अमेरिकेचे उदाहरण अशा वेळी पुढे केले जाते. तिथे निवृत्त शालेय बस घेऊन त्यांची घरे करणारी एक पिढीच तयार झाली आहे आणि बहुतेक राज्यांत अशा खासगी घरगाडीला व्यावसायिक परवाना लागत नाही. डेन्व्हर परिसरात राहणारी मराठी कुटुंबेही सुट्टीत भाड्याची घरगाडी घेऊन रॉकी पर्वतात जातात. तिथला ७० क्रमांकाचा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यात ३,४०० मीटर उंची गाठतो आणि मग सात टक्क्यांपर्यंतच्या उतारांनी खाली येतो. पण तिथे रस्त्याने चालकाच्या चुकीची तजवीज करून ठेवलेली आहे. उताराच्या आधी थांबून ब्रेक पाहण्याच्या जागा, पुढचा उतार किती टक्के आणि किती मैल हे सांगणारे फलक, आणि ताबा सुटलेल्या गाडीने शिरावे म्हणून बाजूला काढलेले, भुसभुशीत खडीने भरलेले चढाचे फाटे. एवढे असूनही एप्रिल २०१९ मध्ये लाकूड भरलेल्या मालमोटारीचे ब्रेक याच मार्गावर उतरताना गेले, तरुण चालकाने असा एक फाटा मागे टाकला आणि लेकवूडजवळ चार जणांचा बळी गेला. त्याला आधी ११० वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये गव्हर्नरांनी ती दहा वर्षांवर आणली. खटला गाजला तो फाटा समोर असताना तो का घेतला नाही, या प्रश्नावर.

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण असे फाटे आपल्या घाटरस्त्यांवर अपवादानेच आढळतात. गंमत अशी, की ही कल्पना आपल्याला परकी नाही. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. सदतिसात एक इतक्या चढाच्या या मार्गावर चढताना गाडीला मागून इंजिने लावावी लागतात, हे कर्जतला थांबलेल्या प्रत्येक प्रवाशाला माहीत असते. उतरतानाची व्यवस्था त्याच्या नजरेत येत नाही. घाटात ठिकठिकाणी ‘कॅच सायडिंग’ आहेत, म्हणजे ब्रेक न लागता सुसाट आलेली गाडी मुख्य मार्गावरून काढून चढावर चढवणारे रूळ. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच पुढची वाट मोकळी होते. गाडी कधीतरी सुटणारच, हे रेल्वेने गृहीत धरले. शेजारच्याच डोंगरातून १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या काळात खुल्या झालेल्या गाडीरस्त्याने आणि त्याच्या वारसांनी ते गृहीत धरलेले दिसत नाही. खोपोली ते कुसगाव या सव्वातेरा किलोमीटरच्या ‘मिसिंग लिंक’च्या आखणीकडे लोक घाटाच्या कटकटीवरचा उपाय म्हणून पाहतात. बोगद्याने वळणे संपतात, हे खरे. पण कोकण आणि देश यांच्यातला उंचीचा फरक कोणताही बोगदा संपवत नाही आणि सरळ उतारावर वेग वाढतो तो वळणापेक्षा अधिक निमूटपणे.

कॅरॅव्हान धोरणाला विरोध करण्याचे कारण नाही. उलट, हॉटेलांच्या भिंतींनी घाटमाथे गिळण्यापेक्षा चाकांवरची चार घरे येऊन गेलेली केव्हाही बरी. परंतु कॅरॅव्हानची नोंदणी करताना पलंग आणि नळ मोजले जातात, तसे भरलेल्या टाक्यांसह तिचे प्रत्येक आसावरचे वजन दरसाल मोजले जावे. एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर चालू असल्याखेरीज तिला घाटमाथ्यावरच्या पार्कचे आरक्षण मिळू नये. आणि भाड्याने गाडी घेणाऱ्याला किल्ली देण्याआधी अर्धा दिवस एखाद्या घाटात उतरण्याचा सराव द्यावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. पर्यटन खाते ज्यांना सवलती देते, त्यांना या अटी घालू शकते. घाटरस्त्यांवर खडीचे फाटे काढायला पैसा आणि जागा दोन्ही लागतील आणि आंबेनळीसारख्या कड्याला चिकटलेल्या रस्त्यावर ती जागा मिळणारही नाही. तिथे गाडीच हलकी आणि सावकाश असणे, एवढाच मार्ग उरतो.

आमच्या स्नेह्यांनी परत आल्यावर, मामांच्या आग्रहाखातर, भरल्या टाक्यांनिशी गाडी वजनकाट्यावर उभी केली. कागदोपत्री मर्यादेपेक्षा ती सुमारे चारशे किलो अधिक भरली. काय काढायचे यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अखेर स्वयंपाकघरातला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि न्हाणीघरातल्या फरशा निघाल्या. ग्रॅनाइटच्या जागी आता ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. वहिनींना तो अजून आवडलेला नाही.